घानातल्या मिशनरी आजी-आजोबांबरोबर घालवलेला एक आठवडा

गुलबक्षी

परवा त्या 'रिटायर झाल्यावर काय' धाग्यावर मी सहज लिहून गेले की घानाच्या राजधानीत, आक्रात आमच्या समोर एक म्हातारं मिशनरी जोडपं राहायचं आणि त्यांचा आठवडा बघून मला धाप लागायची, तर तिघाचौघांनी वेगळा धागा काढ म्हटलं. काढते. मोठं होईल, तुकड्यातुकड्यांत टाकेन.

आम्ही २०१८ ते २०२१ घानात होतो, नवऱ्याची नोकरी होती, मला तिथे काम करायचा परवाना नव्हता त्यामुळे दिवसभर घरी. कंपाउंडमध्ये चार घरं, समोरच्या घरात हे दोघं. आजोबा ७१, आजी ६९, अमेरिकेतल्या आयडाहोचे. आजोबांची जन्मभर बटाट्याची शेती आणि आजी शाळेत नर्स होत्या. चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो ते, पण २०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पूर्ण नावच वापरा असा आग्रह धरला होता आणि आजोबा तो काटेकोर पाळायचे. दोघांच्या छातीवर काळी नावाची पट्टी, 'एल्डर' अमुक आणि 'सिस्टर' अमुक. एल्डर म्हणजे वयाने मोठा असं नाही हं, ते पद आहे, अठरा वर्षांचं पोरगंही एल्डरच. मी मात्र पहिल्या आठवड्यापासून आजी-आजोबाच म्हणायला लागले, अर्थ सांगितला तेव्हा आजींनी तो शब्द चारपाच वेळा घोळवून पाठ केला.

मिशनरी म्हटलं की माझ्या डोक्यात दारोदार फिरून पुस्तकं वाटणारे लोक होते. ते काम यांच्याकडे तरुण पोरं करतात, मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष, कायम जोडीने. रिटायर जोडप्यांचं वेगळं असतं, सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत मुदत, आणि जिथे जे लागेल ते काम. यांची मुदत अठरा महिन्यांची, ऑक्टोबर २०१८ ला आले होते. मी त्यांच्याबरोबर सलग एक आठवडा फिरले तो ११ ते १७ फेब्रुवारी २०१९ चा. तारखा एवढ्या पक्क्या लक्षात का आहेत ते पुढे कळेलच.

सोमवार. तरुण मिशनऱ्यांची ही सुट्टी, त्याला पी-डे म्हणतात, कपडे धुवायचे, बाजार करायचा, घरी ईमेल लिहायची. आजी-आजोबांनाही ढिला दिवस. तेव्हा हरमाटन चालू होता, म्हणजे सहाराकडून येणारा कोरडा वारा, सगळ्या आक्रावर बारीक धूळ बसते, ओठ फुटतात, सूर्य दुधाळ दिसतो. आजी रोज सकाळी जाळीच्या खिडक्या ओल्या फडक्याने पुसायच्या. त्या दिवशी दुपारी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो आणि बरोबर दोन वाजता त्यांच्या फोनचा गजर वाजला. त्यांनी तो बंद केला आणि मिनिटभर गप्प बसल्या. मला वाटलं प्रार्थनेची वेळ असेल. म्हणाल्या, नाही, आता तिकडे सकाळचे सात वाजले, नातवंडं शाळेला निघतात. एकोणीस नातवंडं. फोन करायचा नसतो, नुसतं एकेकाला मनात आणायचं, कोणाची आज परीक्षा आहे कोणाचा दात पडलाय.

संध्याकाळी एका घानियन कुटुंबाकडे गेलो. सोमवारची संध्याकाळ घरच्यांबरोबर घालवायची अशी त्यांच्याकडे पद्धत आहे, गाणी, थोडं वाचन, मुलांचे खेळ. त्यांनी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि मासा वाढला, मी शाकाहारी म्हणून मला घाईघाईत केळी तळून दिली.

बाकीचं रात्री टाकते.

अवखळ_वारा

छान सुरुवात. एक बाळबोध प्रश्न, यांना पगार किती मिळतो? आणि घर, गाडी वगैरे चर्च देतं का?

गुलबक्षी

@अवखळ_वारा, पगार शून्य. उलट स्वतःच्या खिशातून. भाडं, जेवण, औषधं सगळं यांच्या साठवणीतून. आजोबांनी निघायच्या आधी ट्रॅक्टर विकला होता. कामाची पिकअप मात्र मिशनची होती, आणि तिच्या किलोमीटरचा हिशोब ते वहीत लिहायचे, भाजीला गेले तर ती ओळ वेगळी. रिटायर झाल्यावर लोक जे पैसे क्रूझवर किंवा दुसऱ्या घरावर घालतात ते यांनी इथे घातले. मला हे कळलं तेव्हा मी खरंच गप्प झाले होते.

केतकीचं_बन

ते दुपारी दोनचं वाचून गलबललं गं. माझी आई अशीच आमच्या मुलांच्या शाळेच्या वेळा लक्षात ठेवते. लिही पुढे.

गुलबक्षी

मंगळवार. हा दिवस मला सगळ्यात जास्त सांगायचाय.

मंगळवारी घरतपासणी. तरुण मिशनरी चार-चार जण भाड्याच्या घरांत राहतात, ती घरं नीट आहेत का हे महिन्यातून एकदा बघायचं काम या दोघांकडे. माझी समजूत होती की ही सगळी गोरी अमेरिकन पोरं असणार. अजिबात नाही, त्या दिवशी आम्ही पाच घरं पाहिली, त्यातली बहुतेक मुलं आफ्रिकनच, नायजेरियाची, घानाचीच दुसऱ्या भागातली, काँगोची, मधूनच एखादा अमेरिकन. घरापासून पहिल्यांदाच लांब आलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. २०१२ साली चर्चने मुलांसाठी किमान वय एकोणीसवरून अठरा केलं, तेव्हापासून फारच लहान येतात असं आजी म्हणायच्या.

आजोबा सरळ गच्चीवर किंवा मागे जायचे. घानात घराघरावर मोठ्या काळ्या टाक्या असतात, पॉलीटँक म्हणतात, ते झाकण उघडून टॉर्च मारून आत बघायचे, पाणी येण्याची नळी, फिल्टरची कँडल, गॅसच्या पाइपला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का. आजी आत, मच्छरदाण्या उलगडून प्रकाशात धरून भोकं शोधायच्या आणि सापडलं तर तिथेच बसून सुईदोऱ्याने शिवायच्या. फ्रिज उघडायच्या. मग मलेरियाच्या गोळ्यांची पाकिटं मागायच्या आणि गोळ्या मोजायच्या. तारखेप्रमाणे किती उरायला हव्यात ते त्यांच्या डोक्यात असायचं.

चौथ्या घरात एक मुलगा झोपलेला होता. जोहान्सबर्गचा. जोहान्सबर्गला मलेरिया नसतो त्यामुळे ही गोळी त्याला नवीनच, आणि त्याच्या पाकिटात अकरा गोळ्या जास्त निघाल्या. आजी रागावल्या नाहीत. त्याच्या कपाळाला हात लावला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आणि मला म्हणाल्या गाडीत पुढे बस, मागची सीट याला आडवं व्हायला लागेल.

दवाखान्यात आम्ही साडेअकराला पोचलो ते संध्याकाळी सहाला बाहेर. बोटातून रक्त काढून मलेरियाची टेस्ट, पॉझिटिव्ह. मग सलाईन. त्याचा जोडीदार मिशनरी बाकावर बसून होता कारण त्यांना एकमेकांना सोडून जायचं नसतं असा नियमच आहे. आजोबा बाकीच्या घराची तपासणी उरकायला परत गेले. आजी त्या मुलाच्या उशाशी प्लास्टिकच्या खुर्चीत. दोनला गजर वाजला, त्यांनी बंद केला, आणि मी बघत होते, त्या दिवशी त्यांनी नातवंडांचं मिनिट घेतलं नाही, पट्टी ओली करत राहिल्या.

मग आईला फोन. इथे तुम्हाला त्यांचा तेव्हाचा नियम सांगायला हवा. तरुण मिशनरी घरी फोन करू शकायचे वर्षातून दोनदा, नाताळ आणि मदर्स डे. बस. ईमेल आठवड्याला. आजारपणासारखं काही असेल तर मिशन प्रेसिडेंटची, म्हणजे तिथल्या मिशनच्या प्रमुखाची, परवानगी घेऊन. आजींनी परवानगी घेतली, जोहान्सबर्गला फोन लावला आणि त्या आईशी आधी स्वतः बोलल्या. मी ऐकत होते. पहिलं वाक्य होतं, मी पाच मुलांची आई आहे आणि मी त्याच्या शेजारी बसलेय आणि तो आत्ता मला भूक लागली म्हणाला. मलेरिया हा शब्द त्याच्यानंतर. मग फोन मुलाच्या कानाला लावून दिला आणि मला घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्या.

माझी स्वतःची आई तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी होती आणि मी आक्रात बसून रोज फोनवर रडायचे. त्या कॉरिडॉरमध्ये मला पहिल्यांदा वाटलं की तिच्याजवळही असं कोणी अनोळखी बसलेलं असेल तर चालेल मला.

प्रश्नचिन्ह

लेखन प्रांजळ आहे, पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. शेवटी हे धर्मांतराचंच काम ना? दवाखान्यात सेवा आणि मागून बाप्तिस्मा. दुसरं म्हणजे याच चर्चमध्ये १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळत नव्हतं. घानातल्या लोकांना हे चालतं कसं?

गुलबक्षी

@प्रश्नचिन्ह, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिला. होय, त्यांची श्रद्धा आहे आणि इतरांनी ती घ्यावी असं त्यांना मनापासून वाटतं, ते त्यांनी कधी लपवलं नाही. आजोबांनी मला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, बुक ऑफ मॉर्मन, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचायला आवडेल का. मी म्हटलं माझं माझ्या देवाशी बरं चाललंय. म्हणाले ठीक, आणि पुन्हा विषय काढला नाही, अडीच महिन्यांनी आमच्याकडे गणपतीची आरती सकाळची चालू होती तर बाहेर चपला काढून थांबून राहिले होते. ज्या मुलाला दवाखान्यात नेलं तो त्यांचाच मिशनरी होता, त्याला कुठे वळवायचं. पण मी माझ्या अनुभवापुरतंच बोलतेय, जगभरच्या मिशनऱ्यांची जबाबदारी माझ्यावर घेत नाहीये.

दुसरा प्रश्न मला पण पडला होता. मी तो त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक शाखेतल्या, एका वयस्क घानियन मास्तरांना विचारला. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचूनही पाहिलं. घानात या चर्चचा एकही अधिकृत माणूस नव्हता तेव्हा, १९६४ मध्ये, जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाच्या माणसाच्या हातात बुक ऑफ मॉर्मन पडलं आणि त्याने केप कोस्ट भागात स्वतःच मंडळ्या सुरू केल्या. चर्चला पत्रं लिहीत राहिले, या आम्हाला बाप्तिस्मा द्या. चौदा वर्षं कोणी आलं नाही, कारण तोच नियम. जून १९७८ मध्ये नियम उठला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पश्चिम आफ्रिकेत पाठवले कोणाला, तर दोन जोडपी! रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. आधी नायजेरियात आणि मग डिसेंबरात केप कोस्टला, तिथे शेकडो लोक आधीच वाट बघत होते. म्हणजे या भागातलं त्यांचं सगळं कामच मुळात जोडप्यांनी सुरू केलंय, आणि लोकांनी त्याच्याही आधी.

मास्तर म्हणाले, तो नियम चुकीचा होता असं मला वाटतं आणि तरी हे चर्च माझं आहे, दोन्ही खरं आहे. जून १९८९ ते नोव्हेंबर १९९० घाना सरकारने या चर्चवर बंदी घातली होती, परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला, इमारतींना कुलपं. तिथले लोक त्या काळाला 'फ्रीझ' म्हणतात. मास्तर तेव्हा घरातच पत्नी-मुलांबरोबर रविवारची उपासना करायचे. इतकं सोसलेल्या माणसाला तू का राहिलास असं विचारायला माझी जीभ वळली नाही.

मास्तर६१

चांगली चर्चा. आपल्याकडे मिशनरी म्हणजे आयुष्य घालवणारे. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल काढलं आणि जवळजवळ चार दशकं तिथे काढली, मराठी बोलायचे. त्या तुलनेत अठरा महिने म्हणजे भाषेची ओळख होते न होते तोच परत. कामाला खोली येते का?

गुलबक्षी

@मास्तर६१, नाही येत, आणि आजोबा हे स्वतः म्हणायचे. ट्वीमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, त्यांना अक्वाबा (स्वागत), मेदासे (धन्यवाद) आणि वीसेक शब्द, त्यापुढे इंग्रजीवर भिस्त. म्हणून ते निर्णय स्वतः घ्यायचे नाहीत, मंडळीतल्या स्थानिक माणसाला विचारून. पुढे शुक्रवारचं सांगते त्यात येईल.

बुधवार पटकन. मिशनच्या ऑफिसात दिवसभर कागद. परदेशी मुलांचे व्हिसा, रहिवासी कार्डं, घरमालकांची भाडी, विजेचे प्रीपेड मीटर कोणाचे संपत आलेत. आजोबा चष्मा कपाळावर ढकलून एका बोटाने एक्सेलमध्ये आकडे भरत होते आणि ते संपेपर्यंत जागचे उठले नाहीत. मी फायलींना चिठ्ठ्या चिकटवल्या.

गुरुवारी संध्याकाळी पाथवे. त्या चर्चच्या विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स असतो, कमी खर्चात, कॉलेजची वाट हुकलेल्यांसाठी, आणि तेव्हा आठवड्यातून एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष जमायचं असायचं. एका विद्यार्थ्यानेच त्या दिवशीचा धडा चालवायचा, आजी-आजोबा नुसते मागे. पंचवीसेक जण, त्यात एक पंचेचाळिशीची बाई, दिवसभर बाजारात कापड विकून यायची, तिला टक्केवारी काही केल्या जमेना. आणि दुमसोर झालं. म्हणजे वीज गेली, तिकडे लोडशेडिंगला हाच शब्द, दुम म्हणजे विझव आणि सो म्हणजे पेटव. सगळ्यांनी मोबाइलचे दिवे लावून त्यांवर पाण्याच्या पिशव्या ठेवल्या, तिकडे अर्धा लिटर पाणी प्लास्टिकच्या पाउचमध्ये मिळतं, त्याखाली दिवा ठेवला की प्रकाश पसरतो. त्या उजेडात आजोबांनी त्या बाईला टक्केवारी शिकवली, तिच्याच कापडावर. बारा यार्डाचा गठ्ठा, त्यातला चौथा भाग विकला तर. ती एकदम हसली आणि म्हणाली हे तर मी रोज करते.

केतकीचं_बन

पाउचखाली दिवा! हे मी करून बघणार आज.

रानवारा

मी विदर्भात पाण्याच्या कामात होतो बरीच वर्षं, शुक्रवारची वाट बघतोय, तू मागे बोअरचा उल्लेख केला होतास.

गुलबक्षी

@रानवारा, तुमच्यासाठीच सविस्तर.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी. पहाटे पाचला निघालो, आक्रापासून तीन तास, शेवटचा तासभर लाल मातीचा रस्ता. गावात चर्चच्या मदतनिधीतून आदल्या वर्षी बोअर मारून हापसा बसवला होता. गावात चर्चचा एकही माणूस नाही, हे @प्रश्नचिन्ह यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. तो बंद पडल्याचा निरोप आला होता.

आधी गावप्रमुखाकडे जायचं. अशा सभेला घानात 'दरबार' म्हणतात, हाच शब्द! इंग्रजांच्या बरोबर आपल्याकडून तिकडे गेला असणार असं मला वाटलं. बसलेल्या सगळ्यांशी उजवीकडून डावीकडे हात मिळवत जायचं, फक्त उजवा हात. प्रमुखाशी थेट बोलायचं नसतं, मध्ये ओक्येआमे असतो, त्याला सांगायचं, तो प्रमुखाला सांगतो, जरी प्रमुखाला तुमचं इंग्रजी नीट कळत असलं तरी. भेट म्हणून दारूची बाटली नेण्याची रीत आहे. यांच्या धर्मात दारू काय, चहा-कॉफीपण नाही. आजोबांनी आदल्या दिवशी त्या घानियन मास्तरांना विचारून घेतलं होतं, त्यांनी सांगितलं माल्टच्या बाटल्यांचे दोन क्रेट न्या, बिनदारूचं असतं, आणि ओक्येआमेकडून कारण स्वच्छ सांगा. तसंच केलं. प्रमुखांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि एक बाटली तिथेच उघडली.

हापसा उघडला तर आतलं वायसर झिजलेलं. तीस-चाळीस रुपयांची वस्तू असेल आपल्याकडची, आणि त्याच्यासाठी गाव तीन आठवडे ओढ्याचं पाणी पीत होतं. आजोबा शेतकरी, त्यांच्याकडे पाने होते, सुटा भाग आणलेला होता, वीस मिनिटांत झालं असतं. पण त्यांनी हात लावला नाही. पाणी समितीत सात जण होते त्यातल्या दोन बायकांना पुढे बोलावलं आणि म्हणाले तुम्ही करा, मी बसतो. अडीच तास लागले! रॉड वर ओढायचे, जोड सोडायचे, एकदा वायसर उलटं बसलं, पुन्हा सगळं काढलं. पुरुष भोवती उभे राहून सूचना देत होते, आजोबा त्यांना हाताने शांत करत होते. ऊन चढलं, मी कंटाळले आणि आजींना म्हटलं ते स्वतः का नाही करून टाकत. त्या म्हणाल्या पुढच्या वर्षी आम्ही आयडाहोत असू.

@मास्तर६१, अठरा महिन्यांवर मला मिळालेलं उत्तर हेच.

पाणी आल्यावर पहिली बादली प्रमुखाच्या घरी गेली आणि दुसरी त्या दोघींनी एकमेकींच्या डोक्यावर ओतली. दोन वाजले तेव्हा आम्ही झाडाखाली होतो, गजर वाजला, तिथे फोनला रेंजच नव्हती पण गजराला रेंज लागत नाही.

परत येताना रेंज आली आणि आजींचा फोन सारखा टिंगटिंग करायला लागला. सॉल्ट लेक सिटीहून चर्चने त्याच दिवशी जाहीर केलं होतं की यापुढे तरुण मिशनरी दर आठवड्याला घरी फोन करू शकतील, व्हिडिओ कॉलसुद्धा, आजपासूनच. आजींनी मेसेज मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला. आजोबांनी गाडी कडेला घेतली. दोघंही काही बोलेनात. आजींच्या पाच मुलांपैकी तीन मुलगे दोन-दोन वर्षं मिशनवर गेले होते, त्या दोन वर्षांत प्रत्येकी चार फोन. त्यांनी बोटं मोजली, एकूण बारा. मग डोळे पुसून म्हणाल्या जोहान्सबर्गच्या आईला कळलं असेल का?

रानवारा

वा. समितीतल्या बायकांना शिकवणं हेच खरं. आमच्याकडे हापसे बंद पडायचे ते वायसरपायी आणि मेकॅनिक तालुक्याहून यायला महिना लागायचा म्हणून. पाण्यासाठी चालत जाणारीच्या हातात पाना द्यावा हे कळायला आम्हाला फार वर्षं लागली. त्या सुट्या भागांचं पुढे काय, गावात कोण ठेवायचं?

गुलबक्षी

@रानवारा, त्या दोघींपैकी एकीकडे पत्र्याच्या पेटीत, आणि दर घरामागे महिन्याला थोडी वर्गणी, वही प्रमुखाच्या मुलीकडे. पुढे आम्ही नोव्हेंबरात गेलो तेव्हा त्यांचं एकदा वायसर आपणच बदलून झालं होतं.

शनिवार म्हणजे घानात अंत्यसंस्कार. खरंच, शनिवारी रस्त्याने जा, काळ्या आणि लाल कपड्यांतले घोळकेच्या घोळके दिसतात, तंबू, खुर्च्या, स्पीकर. मंडळीतल्या एका बाईंचे वडील नव्वदीत गेले होते, खूप वय झालेल्या माणसासाठी काळ्या-पांढऱ्यात जातात. आजींनी तशी कापडं शिवून घेतली होती. तीन तास बसलो. तिथे एका म्हाताऱ्या नातेवाइकाने गेलेल्या माणसाची वंशावळ तोंडपाठ म्हटली, पिढ्यामागून पिढ्या, कोणाची बहीण कुठे दिली, कोण कोणत्या गावाहून आलं. दोन स्थानिक तरुण ते रेकॉर्ड करून घेत होते. हे चर्चचं मोठं काम आहे, आफ्रिकेत गावोगावी अशा वंशावळी ज्यांना पाठ आहेत ते लोक जायच्या आत उतरवून घेणं. मला आपले वहीवाले हेळवी आठवले. आजी नंतर त्या म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून विचारत होत्या, तुम्हाला हे कोणी शिकवलं. आईच्या भावाने, ते म्हणाले, मार देऊन.

रविवारी मंडळीची उपासना. नुकती जानेवारीपासूनच तीन तासांची दोन तास झाली होती. ब्रेड आणि पाणी, वाईन नाही. गाणी इंग्रजी पण सूर पूर्ण घानाचा. भाषण कोणीही करतं, त्यांच्या स्थानिक मंडळीत पगारी पाद्री नसतो, त्या दिवशी एका सोळा वर्षांच्या मुलीने केलं. आजी मागच्या रांगेत, मांडीवर कोणाचं तरी झोपलेलं बाळ. बाळाची आई पुढे गाण्याच्या ग्रुपमध्ये होती.

अवखळ_वारा

तुला परवानगी होती सगळीकडे?

गुलबक्षी

मंदिर सोडून. आक्रात त्यांचं मंदिर आहे, २००४ चं, त्याच्या आत फक्त त्यांचे पात्र सदस्यच जाऊ शकतात. बागेत फिरता येतं. रोजच्या चर्चमध्ये कोणीही.

आठवडा तसा रविवारी संपला, पण १८ तारखेचा सोमवार सांगितल्याशिवाय मला थांबवणार नाही. नव्या नियमानंतरचा पहिला पी-डे. बऱ्याच मुलांकडे व्हिडिओ कॉल होईल असं इंटरनेट नव्हतं, म्हणून आजी-आजोबांनी त्यांच्या घराचा वायफाय आणि दोन लॅपटॉप मोकळे ठेवले. आमच्याकडचा एक मी दिला. सकाळी नऊपासून पोरं येत होती, पांढरे शर्ट, बूट दाराबाहेर. एक काँगोचा मुलगा होता, त्याने आईला दहा महिन्यांत पाहिलं नव्हतं, स्क्रीनवर आई आली आणि तो उभाच राहिला, खुर्चीत बसेना. आजी स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि भांडी घासलेलीच परत घासत होत्या. दोन वाजता गजर वाजला. तेवढ्यात एका मुलाने विचारलं, सिस्टर, तुम्ही घरी फोन नाही का करत, तुम्हाला तर कधीही करता येतो. सीनियर जोडप्यांना फोनचं बंधन नसतं हे त्याला माहीत होतं. त्या म्हणाल्या लॅपटॉप मोकळा झाला की करते. संध्याकाळी साडेसातला मोकळा झाला.

मास्तर६१

माझे अठरा महिन्यांबद्दलचे शब्द मागे घेतो. ते जोडपं आता कुठे आहे?

गुलबक्षी

@मास्तर६१, मुदत एप्रिल २०२० ला संपायची होती. मार्चमध्ये कोविड आला, चर्चने मिशनऱ्यांना आपापल्या देशात बोलवायला सुरुवात केली, आणि वय बघता यांना लगेच निघा म्हणून फोन आला. घानाने २२ मार्चच्या रात्री विमानतळ बंद केला, हे त्याच्या चार दिवस आधी निघाले. निरोप समारंभ वगैरे काही नाही. ते घानियन मास्तर पण यायचे राहिले. आजोबांनी पाने त्या गावातल्या दोघींना पोचवायला माझ्याकडे ठेवले, ते मी सप्टेंबरात जाऊन दिले. आता दोघं आयडाहोत आहेत, आजोबांचा एक गुडघा बदललाय.

केतकीचं_बन

आणि तो तापाचा मुलगा?

गुलबक्षी

चार दिवसांत उठला होता. आठवड्याने येऊन त्याने आजींचा सगळा व्हरांडा झाडून धुऊन दिला, धुळीचे दिवस होते आणि दुसऱ्या दिवशी परत तसाच झाला. दोन वर्षं पूर्ण करून घरी गेला. मागच्या वर्षी लग्न झालं, आजींनी मला फोटो पाठवला होता, आणि आता तो कामासाठी मोझांबिकला गेलाय. तिथे मलेरिया आहे. आजींनी मला लिहिलं की त्याला आठवड्याला मेसेज करते, किती गोळ्या उरल्यात त्याचा फोटो पाठव म्हणून, आणि तो पाठवतो.